इगेल जिंकायला हव्यात

या आठवड्यात आमच्या रस्त्याच्या टोकाला ती लाकडी टपरी पुन्हा उभी राहिली. हिवाळाभर तिथे नुसता चिखल असतो. मग एप्रिलमधल्या कुठल्यातरी सकाळी कामावर जाताना पाहावं, तर टपरी हजर. आत हिरवा एप्रन घातलेली बाई आणि समोर क्रेटमध्ये रचलेल्या स्पार्गेलच्या जुड्या. स्पार्गेल म्हणजे मातीखालीच वाढवलेले, ऊन न लागलेले पांढरेफटक कोंब. आम्ही राहतो ते लुडविग्सहाफेनच्या बाहेर. एका अंगाला रसायनांच्या कारखान्याची धुराडी, दुसऱ्या अंगाला नजर पोचेल तिथवर भाजीची शेतं. टपरी लागली की जूनच्या अखेरीपर्यंत इथली माणसं दुसरं काही बोलत नाहीत. आपल्याकडे हापूसवरून जे जे होतं ते सगळं इथे ह्या कोंबांवरून होतं. भाव काय निघाला, यंदा बारीकच आहेत, अमक्याच्या शेतातले खरे, बाकीचे नुसते नावाचे.

मी जुडी घेतली नाही. संध्याकाळी घरी येऊन बेसन काढलं आणि तुपात भाजायला घेतलं. मिलिंद, माझा नवरा, वासाने स्वयंपाकघरात आला. "लाडू? एप्रिलमध्ये? कुणी येतंय का?"

"रविवारी इगेलची मॅच आहे," मी म्हटलं.

"मग जरा जास्त कर," तो म्हणाला आणि गेला.

बेसन भाजताना घाई चालत नाही. हात फिरत राहतो आणि मन मोकळं सुटतं, हवं तिकडे जातं. माझं मन ह्या वासाबरोबर दर वेळी एकाच ठिकाणी जातं. तीन वर्षांपूर्वीच्या त्या स्पार्गेलच्या हंगामात.

आमची साई तेव्हा ऱ्हाइनच्या पलीकडच्या विद्यापीठात शेवटच्या वर्षाला होती आणि तिथल्या मुलींच्या फ्लॅग फुटबॉल संघाची कप्तान होती. हा अमेरिकन फुटबॉलचाच प्रकार, पण शिरस्त्राणं नाहीत आणि धक्काबुक्कीही नाही. प्रत्येकीच्या कमरेच्या पट्ट्याला दोन बाजूंना दोन रंगीत फिती लोंबतात. चेंडू घेऊन पळणारीची फीत ओढली की तिचं पळणं तिथेच संपलं. फीत वाचवत ती शेवटच्या रेषेपार गेली तर सहा गुण, आणि वर एखाद-दुसरा जादा गुण मिळवायची संधी. संघाचं नाव एल्स्टर्न. एल्स्टर हा इथला काळापांढरा, भांडकुदळ पक्षी. ह्या मुलींचे शर्ट तसेच आणि स्वभावही तसेच.

साई चार वर्षं त्यांच्यात खेळत होती. गटातले पहिले दोन संघ देशाच्या अंतिम फेरीला जातात आणि एल्स्टर्न दर वर्षी तिसऱ्या यायच्या. उन्हाळा संपला की ती गेर्लिंगेनला नोकरीवर रुजू होणार होती, म्हणजे हा शेवटचा हंगाम. ती काही बोलून दाखवत नसे. पण शनिवारी रात्री कुणी पार्टीला बोलावलं तर नाही म्हणायची, केक समोर आला तर अर्धाच खायची. मला कळत होतं, ह्या पोरीला एकदा तरी तिथे जायचंय.

त्याच एप्रिलमध्ये माझे सासरे नाशिकहून तीन महिन्यांसाठी आले. आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, बोलायला खमके, पण नातीपुढे लोणी. साईला मराठी सगळं समजतं, पण तोंडातून येतं ते बहुतेक जर्मन, नाहीतर दोन्हींची खिचडी. ती तिच्या भाषेत बोलायची, ते त्यांच्या भाषेत बोलायचे आणि दोघांचं अगदी छान जमायचं. स्पार्गेल मात्र त्यांना पहिल्या घासाला पटला नाही. "ह्याला चव कसली? शेवग्याची शेंग उकडली आणि आतलं सगळं काढून घेतलं!" दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मोहरी-हिंग-लसणाची खमंग फोडणी करायला लावली. त्यानंतर मात्र ते स्वतःहून बाल्कनीत बसून कोंब सोलायला लागले. जर्मन लोकांची भाजी आपण सुधारून दिली, असा त्यांचा पक्का समज झाला.

हंगामातली पहिली मॅच आमच्याच मैदानावर होती, इगेल नावाच्या संघाशी. इगेल म्हणजे काटे फुलवून गोळा होऊन बसणारा तो बागेतला छोटा प्राणी. वाइनच्या गावांपैकी एका गावातल्या लहानशा कॉलेजचा हा नवाकोरा संघ, आणि त्यांची ही पहिलीवहिली मॅच. दोन गाड्यांमधून सात जणी उतरल्या. शर्टांवरचे आकडे घरी रंगवलेले, त्यातला एक धुण्यात ओघळलेला. बरोबर एकही प्रेक्षक नाही. थंडी अशी की अप्पा कानटोपी घालून, वर माझी शाल गुंडाळून घडीच्या खुर्चीत बसले होते. थर्मासमधला चहा ओतला की वाफ सरळ त्यांच्या चष्म्यावर जायची.

"अगं, हे तर शेपट्या ओढणं!" खेळ सुरू झाल्यावर ते ओरडले. "हे आम्ही पाठीला रुमाल खोचून खेळायचो!" मग त्यांना समजावून सांगण्यासारखं काहीच उरलं नाही.

आमच्या मुली सुटल्याच. एकामागून एक गुण चढत गेले आणि इगेलच्या नावापुढचं शून्य जागचं हललं नाही. त्या बिचाऱ्या चेंडू झेलायच्या आणि दोन पावलांत फीत गमवायच्या. शेवटच्या डावात चेंडू त्यांच्या कप्तानाकडे आला. योहाना तिचं नाव, उंच, तांबड्या वेणीची. ती कडेच्या रेषेने पळत सुटली आणि साई तिच्या बरोबरीने पळाली. साईचा हात योहानाच्या फितीपर्यंत गेला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. बोटं फितीला लागली, पण मिटली नाहीत.

योहाना रेषेपार गेली. त्या सात जणी असा काही आरडाओरडा करत एकमेकींच्या अंगावर पडल्या की कुणाला वाटावं, मॅच त्यांनीच जिंकली.

"सोडलं हिने," अप्पा हळूच म्हणाले.

तेवढ्यात माझं स्वतःचं काम निघालं. मी संघासाठी लाडू नेले होते आणि डब्यात निम्मे शिल्लक होते. पोरी एवढ्या लांबून आलेल्या, पहिल्यांदाच आलेल्या. मी डबा तसाच योहानाच्या हातात दिला. स्टीलचा, कड्या असलेला, माझ्या आईने रुखवतात ठेवलेला डबा. झाकणावर माझं नाव कोरलेलं. योहानाने विचारलं, हा परत कधी करायचा? साईने तिला भराभर जर्मनमध्ये काहीतरी सांगितलं आणि दोघी हसत सुटल्या.

परतताना ट्रॅम पुलावरून ऱ्हाइन ओलांडत होती. खाली एक लांबलचक मालवाहू बोट संथ चालली होती. मी साईला विचारलं, "फीत सोडलीस ना तू?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली. "आल्झो, आई, त्यांचं पहिलं श्पील होतं. झिरो घेऊन घरी पाठवायचं? तूच तर कुणाला लेअर, रिकामं, जाऊ देत नाहीस."

रिकामं भांडं परत करायचं नाही, ही रीत मी सासरी-माहेरी दोन्हीकडे शिकले आणि आमच्या इमारतीतल्या खालच्या मजल्यावरच्या फ्राउ लुट्झना ती समजावता समजावता मला दोन वर्षं लागली. त्यांनी ऱ्हबार्बरचा, म्हणजे इथल्या आंबट लाल देठांचा, केक पाठवला, मी त्याच ताटलीत चकल्या घालून पाठवल्या. त्यांना वाटलं, आता आपल्या अंगावर काहीतरी राहिलं. त्यांनी पुन्हा केक पाठवला. मी शंकरपाळे. त्यांनी आलूबुखारचा केक. शेवटी एकदा जिन्यात गाठून त्यांनी मला गंभीरपणे विचारलं, हे नेमकं कधी थांबतं? मी म्हटलं, थांबत नाही. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "गूट." ठीक आहे. त्या ताटल्या घेऊन जिना उतरण्या-चढण्याचं काम लहानपणी साईचं होतं. लेकरं आपलं ऐकत नाहीत, असं आपण म्हणतो; पण ती आपण बोललेलं सोडून बाकी सगळं उचलत असतात.

मग हंगाम रंगात आला. आठवतो तो सगळा तुकड्यांनी आठवतो. ओल्या गवताचा वास. सनक्रीमचा वास. मैदानाच्या कोपऱ्यात भाजल्या जाणाऱ्या सॉसेजचा धूर आणि त्यापासून तोंड फिरवून बसलेले शाकाहारी अप्पा. मे उजाडला तशी टपरीवर स्पार्गेलच्या शेजारी स्ट्रॉबेऱ्या आल्या, अप्पांची कानटोपी गेली आणि पांढरी गांधी टोपी आली. रात्री दहापर्यंत आभाळात उजेड रेंगाळायचा. जेवण झाल्यावर साई आणि अप्पा खाली हिरवळीवर जायचे. पायजम्याला दोन फिती खोचून अप्पा उभे राहायचे आणि ती ओढायचा प्रयत्न करायची. "कमरेकडे बघ, डोळ्यांकडे नको! डोळे फसवतात!" असं ते तिला सांगायचे. फ्राउ लुट्झ बाल्कनीतून टाळ्या वाजवायच्या. त्या दिवसांत मला घर फार भरल्यासारखं वाटायचं. असं सुख चालू असताना सहसा कळत नाही, पण मला तेव्हाच कळत होतं.

एल्स्टर्न जिंकत होत्या, मधूनच हरतही होत्या. इगेल मात्र दर रविवारी हरत होत्या. दर वेळी निकाल आले की मी साईला विचारायची, "योहाना भेटली का? माझा डबा?"

"कॉम्ट नोख, आई," ती म्हणायची. येईल येईल.

"गेला तुझा डबा," अप्पा म्हणायचे. "नाव कोरून काय उपयोग, त्यांना कुठे वाचता येतंय!"

जूनच्या मध्याला, स्पार्गेलचे शेवटचे दिवस राहिले असताना, साई एका संध्याकाळी घरी आली आणि बूट न काढताच स्वयंपाकघरात बसली. अप्पा टेबलाशी कोंब सोलत होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"ग्लाइखश्टांड," ती म्हणाली. "बरोबरी. दुसऱ्या जागेसाठी तिघींची. आम्ही, व्हेस्पेन आणि हेश्ट. सगळ्यांचे विन्स सेम."

व्हेस्पेन म्हणजे गांधीलमाश्या, हेश्ट हा एक मासा. पहिली जागा दुसऱ्याच एका संघाने कधीच पटकावली होती. उरलेल्या एका जागेसाठी हे तीन संघ, आणि तिघांच्याही मॅचेस खेळून संपलेल्या.

अप्पांनी तीन सोललेले कोंब टेबलावर ठेवले. "हे तुम्ही, ह्या माश्या, हा मासा. आता आपसात कोण कुणाशी जिंकलं ते बघा. सोपं आहे."

"गेनाऊ, आजोबा, पहिला नियम तोच आहे. आम्ही व्हेस्पेनला हरवलं. व्हेस्पेननी हेश्टला. आणि हेश्टनी आम्हाला."

अप्पांनी कोंब फिरवून बघितले. त्रिकोण झाला. "हे तर गोल गोल फिरतंय," ते म्हणाले. "मग सुटा की!"

"सुटा म्हणजे?"

"तिघांनी एकदम हात पुढे करायचे. कुणी पालथा, कुणी उताणा. ज्याचा वेगळा पडला तो सुटला. आम्ही सगळी भांडणं अशीच मिटवायचो."

साईला त्याही स्थितीत हसू आलं. "तेही आहे, पण अगदी शेवटी. चिठ्ठ्या टाकतात. त्याच्या आधी दोन नियम आहेत."

मग तिने सांगितलं. गटात सगळ्यांच्या सगळ्यांशी मॅच होत नाहीत, मैदानं मिळत नाहीत आणि परीक्षा असतात. कुणाच्या वाट्याला सोपे संघ येतात, कुणाच्या वाट्याला अवघड. म्हणून दुसरा नियम असा की, तुम्ही ज्यांना हरवलंत त्या संघांनी हंगामात किती मॅच जिंकल्या, त्यांची बेरीज करायची. तुम्ही हरवलेले जितके दमदार, तितका तुमचा विजय मोठा. तर तिघांची ही बेरीजही सारखीच. तिसरा नियम गुणांचा. तुम्ही किती केले, किती दिले, त्यांतला फरक.

"आणि त्यात?" मी विचारलं.

"त्यात व्हेस्पेन पुढे आहेत." ती टेबलाकडे बघत म्हणाली. "चार पॉइंट्सनी."

चार. मी गॅस बारीक केला. चार म्हणजे सहापेक्षा कमी, एवढं गणित कुणालाही येतं. इगेलना ते सहा गुण दिले नसते तर आज आमच्या मुली आत असत्या. तेवढ्यात तिचा फोन वाजला. लेआ, संघातली तिची जवळची मैत्रीण. स्पीकर चालू नव्हता, पण लेआचा आवाज तसाच ऐकू येत होता. ती रडत होती आणि म्हणत होती की दिलदारपणा तू केलास, भरतोय मात्र सगळा संघ.

"हो," साई म्हणाली. "हो, लेआ. श्टिम्ट." खरंय तुझं. आणि फोन ठेवून दिला.

मला फार वाईट वाटलं. तिने केलं ते मी शिकवलेलं होतं, आणि त्याची शिक्षा तिला होत होती. मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले तर तिने हातानेच थांबवलं. "एक मॅच बाकी आहे," ती म्हणाली. "आमची नाही. रविवारी इगेल आणि हामस्टर. तिघींमध्ये इगेलना फक्त आम्हीच हरवलंय. हामस्टरशी आमच्यापैकी कुणाचीच मॅच नव्हती. म्हणजे इगेल जिंकल्या तर आमची बेरीज एकाने वाढेल. मग पॉइंट्सपर्यंत जायलाच नको."

"मग झालं की!" अप्पा म्हणाले.

"आजोबा, इगेल एकही मॅच जिंकलेल्या नाहीत."

ती खोलीत गेली. अप्पांनी उरलेले कोंब शांतपणे सोलून संपवले, सालं गोळा केली, हात धुतले. मग मला म्हणाले, "सूनबाई, रविवारी किती वाजता निघायचं?"

"कुठे, अप्पा?"

"त्या काटेवाल्यांच्या गावाला. आपण हरवलं त्यांना, आता जिंकवायला नको का जायला?"

मला हा दुसरा नियम तेव्हापासून फार आवडतो. आयुष्यभर आपण ज्यांच्या पुढे गेलो, ते मागेच राहावेत अशी मनातून इच्छा असते. शाळेत मी जिला मागे टाकून पहिली आले, तिचं पुढे फार बरं चाललंय असं कळलं की मला अजून उगीच टोचतं. आणि इथे कुणीतरी, कुठल्यातरी मीटिंगमध्ये कंटाळून बसलेल्या माणसांनी, असा नियम करून ठेवलाय की तुम्ही ज्याला हरवलंत त्याचं भलं होऊ दे म्हणून देव पाण्यात घाला. त्याचं भलं झालं तरच तुमचं काही मोल. त्यांच्या डोक्यात एवढं काही नसणार, त्यांना फक्त गुंता सोडवायचा होता. पण ह्यापेक्षा शहाणा नियम मला तरी कुठल्या पोथीत सापडलेला नाही.

रविवारी आम्ही सकाळच्या गाडीने निघालो. शेतं संपली, द्राक्षांचे मळे सुरू झाले, मागे डोंगरांची निळी रांग उभी राहिली. साईबरोबर सगळा संघ आला होता, काळ्यापांढऱ्या शर्टांत. लेआही होती, ती साईपासून चार बाकं लांब बसली होती. मैदान म्हणजे मळ्यांच्या मधली एक हिरवी पट्टी, एका टोकाला चर्चची भिंत. इगेल सरावाला आल्या होत्या, त्याच सात जणी. आम्हाला बघून योहाना धावत आली.

"तुम्ही इथे कशा? आज तुमची मॅच आहे?"

"नाही," साई म्हणाली. "आज आम्ही तुमच्या."

योहानाला आधी कळेना. कळल्यावर तिने मागे वळून आपल्या पोरींना ओरडून सांगितलं की आपल्याला प्रेक्षक आहेत. त्या एका ओळीत उभ्या राहून आमच्याकडे बघत राहिल्या. हंगामभरात त्यांच्यासाठी कुणी पहिल्यांदाच आलं होतं.

हामस्टर काही ऐऱ्यागैऱ्या नव्हत्या. मध्यंतरापर्यंत त्या पुढे होत्या. पण इगेलही आता एप्रिलमधल्या राहिल्या नव्हत्या. चेंडू झेलला की दोन पावलांत फीत जात नव्हती, दहा-बारा पावलं तरी टिकत होती. हरता हरता त्या पळायला शिकल्या होत्या. अप्पा खुर्ची सोडून कडेच्या रेषेवर उभे होते. समोरचीने चेंडू घेतला की ते बेंबीच्या देठापासून ओरडायचे, "ओढ! ओढ!"

"व्हास हाइस्ट ओड?" ओड म्हणजे काय, एका एल्स्टरने विचारलं. साईने सांगितलं. पुढच्या डावाला दोघी ओरडल्या, त्याच्या पुढच्याला चौघी, आणि थोड्या वेळाने त्या मळ्यांच्या मधोमध सगळ्या जर्मन पोरी एका सुरात "ओढ! ओढ!" करत होत्या. चर्चमधून बाहेर पडलेले म्हातारे-म्हाताऱ्या कुंपणाशी थांबले. त्यांतल्या एका आजीबाईंनी काठी उंचावून "ओड!" म्हटलं, तेव्हा अप्पांनी टोपी काढून त्यांना नमस्कार केला.

शेवटी इगेल एका गुणाने पुढे होत्या आणि शेवटचा डाव हामस्टरचा होता. त्यांच्या सगळ्यांत चपळ मुलीकडे चेंडू आला. ती कडेने निघाली, आमच्या अगदी समोरून. दोघींना चुकवून ती पुढे गेली आणि आता तिच्या मागे एकटी योहाना होती. ओढ म्हणायलाही कुणाला सुचेना. साईने माझा दंड एवढा घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी वळ उठला. योहानाने हात लांब केला. बोटं फितीला लागली आणि ह्या वेळी मिटली.

फीत तिच्या मुठीत वर आली तेव्हा काय झालं, ते मला नीट सांगता येणार नाही. इगेल ओरडल्या, आमच्या ओरडल्या, काळेपांढरे आणि घरी रंगवलेले शर्ट एकमेकांत मिसळून गेले. लेआ लांबून धावत आली आणि तिने साईला उचलूनच घेतलं. रडत, हसत ती म्हणत होती, "दू उंड दाइने लेअरन डोझन!" तू आणि तुझे ते रिकामे डबे! अप्पा जागच्या जागी दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे असं काहीतरी करत होते. त्यांना विचारलं तर ते नाचणं होतं हे कबूल करणार नाहीत. मी रडले. मला रडायला कारण लागत नाही, पण त्या दिवशी चांगलं भक्कम कारण होतं.

पुढे अंतिम फेरीत पहिल्याच मॅचमध्ये आमच्या मुलींचा पार फडशा पडला. अप्पांचं विमान त्यानंतरच्या आठवड्यात होतं, त्यामुळे तो फडशा त्यांनीही बघितला आणि नाशिकला जाऊन सगळ्यांना सांगितलं की नात जर्मनीत देशपातळीवर खेळते. साईला त्या हरण्याचं काही वाटलं नाही. ती तिथे पोचली होती. आता ती गेर्लिंगेनला असते. इगेल अजून खेळतात, आणि त्यांची पहिली मॅच असली की मी लाडू करते.

पण त्या रविवारचं एक सांगायचं राहिलं. सगळा आरडाओरडा ओसरल्यावर आम्ही स्टेशनकडे निघालो होतो. योहाना आपल्या गाडीकडे पळत गेली आणि डिकीतून काहीतरी काढून पळतच परत आली. माझा डबा. कड्या लावलेला, झाकणावर माझं नाव, ऊन लागून थोडा गरम झालेला.

"तुम्हाला वाटलं असेल, हरवला," ती म्हणाली. "पण साईने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तुमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. आमच्याकडे घालण्यासारखं काहीच नव्हतं. म्हणून आम्ही ठरवलं, जिंकू त्या दिवशी द्यायचा."

मी झाकण उघडलं. आत काठोकाठ स्ट्रॉबेऱ्या होत्या.

"पण तुम्हाला काय माहीत, आज जिंकणार म्हणून?" मी विचारलं.

योहाना लाजली. तिच्या मागे बाकीच्या सहा जणी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"माहीत नव्हतं," ती म्हणाली. "मे महिन्यापासून दर रविवारी सकाळी भरतो. आणि हरलो की परत येताना गाडीत आम्हीच खाऊन टाकतो. आज पहिल्यांदा उरल्या."

मी डबा दोन्ही हातांनी घेतला.